फ्रीज घेण्याआधी टाकी किती वर आहे ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की तुमच्या पेपरात फ्रीजच्या पानभर जाहिराती सुरू होतात. दोन दारांचा कपाटाएवढा फ्रीज, दारातच नळ, ग्लास टेकवला की गार पाणी, पाहिजे तर बर्फ, आणि आत बसवलेला वॉटर फिल्टर. जाहिरातीला माझी हरकत नाही, ज्याचा त्याचा धंदा आहे. पण हा फ्रीज घरी आल्यावर पाण्याची लाइन जोडायला ज्याला बोलावतात तो मी, प्लंबर. राहायला कळव्याला, काम घोडबंदर रोडपासून ऐरोली, घणसोली, नेरूळपर्यंत. फ्रीजमधून पाणी येईना, बारीक यायला लागलं किंवा वास मारायला लागलं की पहिला फोन कंपनीला जात नाही, मला येतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण प्रेशरचा भाग तेवढा ठेवा.

या फ्रीजच्या माहितीपुस्तकात मागच्या पानांत कुठेतरी बारीक टायपात लिहिलेलं असतं की पाण्याला अमुक इतकं प्रेशर पाहिजे. काही कंपन्यांचं म्हणणं कमीत कमी 20 पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड दाब), काहींचं 30, काहींचं तर 40. वरची मर्यादा साधारण 120. आम्ही किलोत बोलतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर किती किलो दाब. 14 पीएसआय म्हणजे जवळजवळ एक किलो, आणि एक किलो प्रेशर मिळायचं तर टाकीतलं पाणी नळाच्या 10 मीटर वर असावं लागतं. म्हणजे 20 पीएसआयला 14 मीटर. मजला 3 मीटरचा धरा, टाकी साडेचार-पाच मजले डोक्यावर पाहिजे. 40 मागणाऱ्या फ्रीजला 28 मीटर, म्हणजे नऊ मजले.

आता वाशी, नेरूळ, कोपरखैरणेतल्या सिडकोच्या तळ अधिक चार मजल्यांच्या इमारती घ्या. टाकी गच्चीवर. चौथ्या मजल्यावरच्या किचनला पाव ते अर्धा किलो प्रेशर मिळतं, दुसऱ्या मजल्याला एक किलोच्या आसपास, आणि तळमजल्याला जेमतेम दीड किलो. सगळ्यात कमी मागणारा फ्रीज घेतला तरी अख्ख्या इमारतीत तो फक्त तळमजल्यावर पुस्तकाप्रमाणे चालेल. आणि सिडकोच्या घरात तळमजल्यावर राहणारे, पाणी तुंबण्याच्या भीतीने, असला महागडा फ्रीज सहसा घेत नाहीत. घेतात ते वरचे.

घोडबंदरच्या टॉवरांत उलटी गंमत आहे. पंचवीस-तीस मजल्यांची उंची, त्यामुळे खालच्या मजल्यांवर प्रेशर इतकं होतं की ते उतरवायला डक्टमध्ये पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, बसवावे लागतात. तिथे फ्रीज झकास चालतो. पण सगळ्यात वरचे चार-पाच मजले, ज्यांनी खाडी नाहीतर येऊर दिसतं म्हणून जास्त पैसे मोजलेत, त्यांना टाकीचं नुसतं वजन पुरत नाही. त्यांच्यासाठी गच्चीवर वेगळा प्रेशर पंप असतो. विजेचं बिल वाढतं म्हणून रात्री तो बंद ठेवणाऱ्या कमिट्याही मी बघितल्यात. तिथे रात्री अकरानंतर फ्रीजमधून पाणी करंगळीएवढं येतं, सकाळी पुन्हा नीट. मेकॅनिक दुपारी येतो, त्याला बिघाड सापडत नाही, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

नेरूळच्या एक काकू मला म्हणाल्या, "अहो, प्रेशर कमी कसं? सिंकच्या नळाला धो धो पाणी येतंय की." बरोबर आहे, येतं. पण धार वेगळी आणि प्रेशर वेगळं. सिंकची लाइन अर्धा इंची, नळाचं तोंड उघडं, त्याला पाव किलोही पुरतं. फ्रीजला जाते ती पाव इंची नळी. त्यात पाणी आधी दाबून भरलेल्या कोळशाच्या फिल्टरमधून ढकलायचं, मग व्हॉल्व्हमधून, मग आतल्या गुंडाळलेल्या नळीच्या टाकीतून दारापर्यंत चढवायचं. माझ्या पिशवीत प्रेशर मोजायचा गेज असतो. सिंकखालच्या अँगल कॉकला लावला, कॉक सोडला, काटा जागेवरून हलल्यासारखा झाला आणि अर्ध्या किलोच्या अलीकडेच थांबला. काकूंनी चष्मा लावून बघितला आणि सरळ दुकानदाराला फोन लावला. हा गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, फार महाग नाही. फ्रीजचे पैसे भरायच्या आधी तो एकदा आपल्या नळाला लावून बघावा.

प्रेशर कमी असलं तर नुसतं पाणी हळू येतं असं नाही. फ्रीजच्या मागे विजेवर उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह असतो. त्यातला रबरी पडदा बंद होताना पाण्याच्याच दाबाने आपल्या जागी घट्ट बसतो. दाबच नसेल तर तो पूर्ण बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो. तो थेंब बर्फाच्या साच्यात जातो, साचा भरून वाहतो, आणि सगळ्या बर्फाचा एकच दगड होतो. नाहीतर उलटं, साचा अर्धाच भरतो आणि वड्या पोकळ, पातळ येतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, प्लंबरने जॉइंट नीट केला नाही.

त्यावर उपाय म्हणून लोक पंप लावायला सांगतात. इथेही भांडणं आहेत. पालिकेच्या लाइनला थेट मोटार लावणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपला, म्हणजे डाउनटेकला, लावली तर काय होतं, हे कोणी विचारत नाही. ती लाइन वरपासून खालपर्यंत सगळ्या किचनांची एकच असते. एका घरात मोठा पंप सुरू झाला की तो शेजारच्या मजल्यांचं पाणी ओढतो, त्यांचे नळ फुसफुसायला लागतात. एका सोसायटीत या कारणावरून वार्षिक सभेत हमरीतुमरी झालेली मी ऐकली, मी तेव्हा खाली मीटरच्या खोलीत काम करत होतो. फ्रीजपुरतं करायचं असेल तर लहान डायफ्रॅम पंप आणि सोबत छोटी प्रेशर टाकी, तेवढं पुरतं. सोसायटीला लेखी कळवून लावा.

आरओला जोडून द्या, असंही बरेच जण सांगतात. आपल्याकडच्या भिंतीवरच्या आरओची टाकी साधी प्लॅस्टिकची असते, तिच्यातून पाणी नुसत्या उतारावर येतं. ते फ्रीजच्या दारापर्यंत पोचत नाही, मध्ये पंप लागतोच. आणि आरओनंतर जोडलंत तर फ्रीजमधला फिल्टर काढून त्या जागी कंपनीचा डमी प्लग लावावा, कारण फिल्टर उरलंसुरलं प्रेशरही खातो. पुस्तकात हे असतं. पण पुस्तक इंग्रजीत, आणि बऱ्याच घरांत ते फ्रीजच्या थर्माकोलबरोबर भंगारवाल्याकडे गेलेलं असतं.

आता फिल्टरबद्दल. गिऱ्हाइकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की फ्रीजमध्ये फिल्टर आहे म्हणजे आता आरओ, यूव्ही, उकळणं सगळं बंद. तसं नाही. फ्रीजमधला फिल्टर म्हणजे सक्रिय कोळशाचा ठोकळा. तो क्लोरीनचा वास काढतो, चव सुधारतो, गाळ अडवतो. पुस्तकात अमेरिकन प्रमाणपत्राचा नंबर असतो, तो बघा. एनएसएफ 42 असेल तर क्लोरीन, वास, चव. 53 असेल तर त्यापुढे, म्हणजे शिसं, काही जंतूंच्या सिस्ट (कवचात बसलेले जंतू) वगैरे, आणि त्यातही नेमकं काय ते यादीत वाचायचं. जुलाब-कावीळ देणारे बॅक्टेरिया आणि विषाणू यात येत नाहीत. उलट तिथेच स्पष्ट सूचना असते की जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित किंवा खात्री नसलेलं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय या फिल्टरला जोडू नका.

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं येतं, आमच्या कळवा-मुंब्र्याकडे एमआयडीसीचं. तिथून निघताना त्यात क्लोरीन असतं. नळाच्या टोकालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं. बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्या कुंपणाच्या आत. खालच्या टाकीचं झाकण तुटलेलं, वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोला जाळी नाही, कबुतरं. आणि घोडबंदरला टँकर. टँकरचं पाणी कुठून भरलं हे टँकरवाल्यालाच माहीत. अशा पाण्याला नुसता फ्रीजचा फिल्टर लावून लहान मुलांना देऊ नका. ज्या सोसायट्यांत वर्षातून दोनदा टाक्या धुतल्याची नोंद वहीत आहे, तिथे ठीक.

आणखी एक. क्लोरीन काढून टाकलेलं पाणी मग फ्रीजच्या आतल्या टाकीत पडून राहतं. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, जंतू मरत नाहीत. गणपतीला लोक आठ-दहा दिवस कोकणात जातात, परत येतात, दार उघडून पहिला ग्लास गार पाणी पितात. तसं करू नका. जाताना सिंकखालचा फ्रीजचा कॉक बंद करा, आइसमेकर बंद करा, बर्फ टाकून द्या. आल्यावर दोन-तीन लिटर पाणी सोडून द्या, झाडांना घाला. घरात रोज कोणी फ्रीजचं पाणी घेत नसेल तरी मधूनमधून दोन-चार ग्लास काढत राहावं.

टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन आता घरोघर झालंय. फ्रीजच्या पाण्यात पेन बुडवतात, नळाच्या पाण्यात बुडवतात, आकडा सारखाच दिसतो, आणि म्हणतात फिल्टर बोगस आहे. कोळशाचा फिल्टर विरघळलेले क्षार काढतच नाही, आकडा बदलणारच नाही. त्या पेनाला जंतू दिसत नाहीत आणि क्लोरीनचंही त्याला काही कळत नाही. मानकाप्रमाणे टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. मोरबे, भातसाचं पाणी त्या 500 च्या खूप खाली असतं. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको असं सांगितलं होतं. बोअर किंवा टँकर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे क्षार जास्त असू शकतात आणि फ्रीजच्या नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो.

फिल्टर खरंच काम करतोय का हे बघायचं असेल तर पालिकेचे लोक क्लोरीन तपासायला जे थेंब टाकतात ते वापरा. मत्स्यालयाच्या दुकानातही क्लोरीनचा किट मिळतो. एका काचेच्या नळीत नळाचं पाणी, दुसरीत फ्रीजचं. थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळसर होतं, फ्रीजचं बिनरंगी राहतं. फ्रीजचंही पिवळं व्हायला लागलं की कोळसा संपला. नळाचंच पिवळं झालं नाही तर ती फिल्टरची नव्हे, सोसायटीच्या टाकीची तक्रार आहे. ते थेंब विषारी असतात, तपासलेलं पाणी लगेच मोरीत ओता.

दारावरचा लाल दिवा बघून फिल्टर बदलायचा असं सगळे समजतात. बहुतेक फ्रीजमध्ये तो दिवा पाणी तपासत नाही, सहा महिने मोजतो, काहींत किती लिटर गेलं ते मोजतो. बटण तीन सेकंद दाबून धरलं की दिवा जातो. मी एका घरात गेलो, दिवा हिरवा, पाण्याला तळ्याचा वास. फिल्टरची कार्ट्रिज पाव आटा फिरवून काढली. तारीख बघितली तर साहेबांनी दोन दिवाळ्या नुसता दिवाच रिसेट केलेला. घरी आणून हॅकसॉने ती कापली. बाहेरचा पांढरा कपडा चॉकलेटी झालेला, त्यावर बोट फिरवलं तर शेवाळासारखा बुळबुळीत थर, आणि आत कोळशाचा ठोकळा वरून नीट काळा दिसतोय पण गाळाने इतका गच्च की तोंडाने फुंकर आरपार जाईना. तो तुकडा मी अजून पिशवीत ठेवलाय. वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतो, मग वाद होत नाही.

सहा महिने हा आकडाही स्वच्छ पाण्याचा. आपल्याकडे पावसाळ्यात आणि दर शटडाउननंतर, म्हणजे पाणीपुरवठा बंद ठेवल्यावर, पहिलं पाणी गढूळ येतं. शटडाउनच्या दिवशी फ्रीजचा कॉक बंद ठेवा, पाणी स्वच्छ झालं की मगच उघडा. आणि लाइनवर फ्रीजच्या आधी गाळ अडवणारा साधा स्पन फिल्टर बसवून घ्या. त्याची आतली कँडल स्वस्त असते, ती काळी-पिवळी झाली की बदला, फ्रीजची महाग कार्ट्रिज तेवढी जास्त टिकते. यात माझी मजुरी येते, हे खरं. पण एकदाच.

नवीन कार्ट्रिज घातल्यावर दहा-पंधरा लिटर पाणी सोडून द्यायचं. पहिलं पाणी कोळशाच्या भुकटीने काळसर येतं, नळ फुरफुरतो, ती आत अडकलेली हवा. पहिल्या दिवसाचा बर्फही टाकायचा. ग्लास काढल्यावर दोन-तीन दिवस थेंब पडले तर घाबरू नका, हवा निघाली की थांबतात. नंतरही पडत राहिले तर मात्र व्हॉल्व्ह किंवा प्रेशर. कार्ट्रिजची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, वाकडी बसली असेल तर पाणी फ्रीजच्या आत, भाजीच्या ट्रेखाली साचतं, तिकडे नजर ठेवा. नळाचं तोंड आणि खालचा थेंबांचा ट्रे आठवड्याला साबणाच्या पाण्याने पुसा, पांढरा थर असेल तर व्हिनेगर. मागची नळी ताणून लावू देऊ नका, दोन-अडीच मीटर वेटोळं सोडायला सांगा, नाहीतर फ्रीज पुढे ओढला की जॉइंट निसटतो आणि खालच्या घरात धबधबा. उंदरांचा त्रास असलेल्या घरात ती नळी जाड केसिंगमधून न्या, प्लॅस्टिकची नळी ते कुरतडतात.

बिनलाइनचेही फ्रीज येतात, ज्यांच्या टाकीत हाताने पाणी भरायचं. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत फिल्टर नसतोच, पण दारात नळ बघून लोकांना वाटतं आत काहीतरी असणार. जे भराल तेच प्याल. ती टाकी काढून धुवायची असते, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. या फ्रीजच्या खोक्यावर आणि दुकानातल्या कार्डावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं असावं: लाइन जोडावी लागते की नाही, कमीत कमी प्रेशर किती, फिल्टर काय काढत नाही, आणि कार्ट्रिजचा नंबर व आजची किंमत. वीज किती खातो याचे तारे दारावर चिकटवतात, मग पाण्याचं लिहायला काय हरकत? दुकानदाराने विकताना मजला कितवा एवढं विचारलं तरी माझे निम्मे फेरे वाचतील. आणि बिल्डरने कुठल्या मजल्याच्या किचनला किती प्रेशर मिळतं याचा तक्ता ताबा देताना सोसायटीला द्यावा. डिझाइन करताना हा हिशेब केलेलाच असतो, फक्त द्यायचा आहे.

कार्ट्रिजचं आणखी वेगळं दुखणं. फ्रीज सहज दहा-पंधरा वर्षं चालतो, पण मॉडेल बंद झालं की काही वर्षांत कार्ट्रिज मिळेनाशी होते. ठाण्यातल्या एका गिऱ्हाइकाला सर्व्हिस सेंटरने सरळ सांगितलं, नवीन फ्रीज घ्या. मग लोक मिळेल ती नकली आणतात, वरून हुबेहूब, आत कोळसा किती देव जाणे, आणि ओ-रिंग अशी की दुसऱ्या दिवशी गळती. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, घरगुती उपकरणं त्यात येतात. पार्ट देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. तक्रारीला बिल लागतं आणि मॉडेलचा पूर्ण नंबर. तो बहुतेक फ्रीजच्या आत बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. फ्रीजमध्ये भाजी भरायच्या आधीच त्याचा आणि कार्ट्रिजवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

आपला,
एक प्लंबर, कळवा (ठाणे)
(नाव छापू नये, गिऱ्हाईकं तुमचाच पेपर वाचतात.)